पाच महिने सतरा दिवसांची मुदत

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आठवायची तर मला जुनी डायरी उघडावी लागते. इसाराच्या पैशांचे हे प्रकरण त्याला अपवाद आहे. त्यातला प्रत्येक कागद मला आजही दिसतो आणि तो कागद माझ्या टेबलावर आपटणारी बाईही दिसते.

सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याची मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होते. नावे कोणाचीच सांगणार नाही. फिर्याद देणारीला मी बाई म्हणेन आणि ज्याच्या विरोधात ती उभी राहिली त्या माणसाला घरमालक. एवढ्यावर काम भागते.

बाई अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. नवरा त्याच शेडमध्ये मागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. चौदा वर्षे एका भाड्याच्या खोलीत काढल्यावर त्यांनी शुक्रवार पेठेतले दोन खोल्यांचे घर पाहिले, वर पत्र्याची एक खोली. व्यवहार ठरला आणि चार लाख रुपये इसार दिला. त्यात बाईचे होते-नव्हते ते सोने होते, भिशी होती आणि नवऱ्याने कारखानदाराकडून घेतलेली उचल होती. ही उचल फिटेपर्यंत त्याला तो कारखाना सोडता येणार नव्हता. पलीकडच्या शेडमध्ये मजुरी जास्त मिळत होती, तरी नाही. म्हणजे इसार बुडाला तर घर जाणार होतेच, शिवाय माणूसही त्या मागाला बांधला जाणार होता.

तिचा पहिला अर्ज मी पाच मिनिटांत निकाली काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला फार चांगले समजायला नको. इसारपावतीत स्पष्ट अट होती: मुदतीत उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करून घेतले नाही तर इसार जप्त. मुदत उलटून गेली होती. आमच्याकडे अशा अर्जांसाठी ठरलेला मजकूर असतो. ‘सदरचे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याने आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी.’ त्याला समजपत्र म्हणतात. मी सही केली, शिक्का मारला आणि पुढचा अर्ज घेतला.

चौथ्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. बाई थेट माझ्या केबिनमध्ये आली. मागे ठाणे अंमलदार, ‘अहो बाई, थांबा की’ म्हणत. तिने समजपत्र टेबलावर आपटले.

“मॅडम, ह्ये वाचलं मी. दोनदा वाचलं. आता माझं तुमी वाचा.”

“वाचलंय बाई. मुदत संपलीय तुमची.”

“संपली न्हाई. संपवली त्यानं.”

“कोर्टात जा. वकील सांगेल.”

“वकिलाला इचारलं. दहा वर्सं म्हनला. दहा वर्सं माझा नवरा त्याच मागावर हुबा ऱ्हाणार. तुमी सांगा, मी कोर्टात जाऊ का त्याच्या मागाला तेल घालत बसू?”

अंमलदार हसला. मी हसले नाही, कारण तिच्या आवाजात विनवणी नव्हती. विनवणी करणाऱ्या माणसाला परत पाठवणे सोपे असते. ही तशी जाणार नव्हती. मी तिला बसायला सांगितले आणि कोरा कागद घेतला. माझी सवय अशी की, ऐकताना मी यादी करते. नंबर टाकले की बोलणारा माणूसही सरळ बोलू लागतो.

तिने सांगितलेला क्रम असा होता. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी इसार दिला. त्यानंतर घरमालक सहा वेळा भेटला आणि सहाही वेळा काहीतरी बाकी होते. कधी सिटी सर्व्हेचा उतारा, कधी बहिणीची सही, कधी घरपट्टीची पावती. इकडे बाईचे कर्ज मंजूर होऊन तयार. गणपती उठले, पितृपंधरवडा लागला आणि घरमालकाचा फोन आला, सगळे कागद तयार आहेत, या. आता पितृपंधरवड्यात घर कोण घेणार? बाई म्हणाली, पंधरवडा होऊ द्या. घरमालक म्हणाला, “होऊ द्या की. आपल्यात काय कागदावर चालतंय व्हय?”

घटस्थापनेला नवरा-बायको पेढे घेऊन त्याच्या दारात गेले. त्याने पेढा घेतला, खाल्ला आणि सांगितले की, मुदत पंधरवड्याच्या आठव्या दिवशीच संपली. इसार जप्त.

“पेढा खाल्ला?” मी विचारले.

“दोन खाल्ले मॅडम. एक त्याचा, एक बायकोचा.”

तरीही कागदावर घरमालक धुतल्या तांदळासारखा होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हजर राहिला होता आणि तसे प्रतिज्ञापत्रही करून ठेवले होते: मी खरेदीखत करून देण्यास आलो, खरेदीदार आले नाहीत. फसवणुकीचा गुन्हा सिद्ध करायचा तर व्यवहार करतानाच मनात खोट होती हे दाखवावे लागते. नंतर माणूस फिरला, एवढे पुरत नाही. मी बाईला तेच समजावून सांगितले. ती मान डोलावून म्हणाली, “मंजे सुरवातीपासून त्याच्या मनात काय होतं ते काढायचं. बरं.” जणू बाजारातून काही आणायला सांगितले होते.

आणि ती कामाला लागली. शिलाईची पाळी संपली की ती निबंधक कार्यालयाबाहेर जाऊन बसायची. तिथे झाडाखाली टायपिंगवाले बसतात. ज्याने तिची इसारपावती टाइप केली होती त्याच्यासमोर ती बसे आणि म्हणे, “वाचून दाखव. तूच लिवलंस न्हवं? वाच.” गिऱ्हाईकांसमोर, रोज. पाच-सहा दिवसांनी तो टायपिंगवाला स्वतःच ठाण्यात आला. साठीचा माणूस, बोटांना शाईचे डाग. खबर मिळते ती अशी. पोलीस जितके खबरे पोसतात असे लोकांना वाटते त्याच्या पावपटही पोसत नाहीत. बहुतेक खबरे कोणाच्या तरी छळाला कंटाळून येतात.

“मॅडम, त्या बाईला उठवा माझ्यासमोरून. धंदा बसला माझा.”

“ती काही गैर करत नाही. कागद वाचायला सांगते.”

तो घुटमळला. मग म्हणाला, “एक सांगतो. माझं नाव नको. हा घरमालक दर साल-दीड सालाला हजेरीचं प्रतिज्ञापत्र करायला येतो. गिऱ्हाईक नवं असतंय. घर तेच.”

मी पेन खाली ठेवले. माझ्या हातून हे क्वचित होते.

नोटरीकडे पत्र दिले आणि रजिस्टर तपासले. बाईच्या आधीचे दोन व्यवहार सापडले. एक मालवाहू टेम्पोवाला, शहरातलाच मुसलमान कुटुंबातला. दुसरा अक्कलकोटकडचा किराणा व्यापारी, घरी कन्नड बोलणारा. दोघांनीही त्याच घराला इसार दिला होता आणि दोघांचाही जप्त झाला होता. टेम्पोवाल्याला दुसऱ्या एका ठाण्यातून समजपत्र मिळाले होते. व्यापाऱ्याने तर घरातसुद्धा सांगितले नव्हते. फसवणाऱ्याला लाज वाटत नाही, फसलेल्याला वाटते. अशा गुन्ह्यांचा निम्मा आधार तोच असतो.

मी तक्ता केला. इसाराची तारीख, मुदत, हजेरीची तारीख. तीन ओळी. काहीच मेळ लागेना. एक मुदत भाद्रपदात, एक थंडीत, एक भलतीकडे. पण एक गोष्ट खटकली. लोक इसारपावतीत मुदत लिहितात ती तीन महिने, सहा महिने, फार तर अकरा महिने. याने बाईच्या कागदात लिहिले होते पाच महिने सतरा दिवस. टेम्पोवाल्याच्या कागदात चार महिने बावीस दिवस. व्यापाऱ्याच्या कागदात सात महिने नऊ दिवस.

माझा हवालदार म्हणाला, “चक्रम असेल मॅडम.”

“चक्रम माणूस एकदा सतरा दिवस लिहील. तीनदा मोजणार नाही.”

टेम्पोवाल्याचा जबाब घेत होते. मी सहज विचारले की, मुदतीत का गेला नाहीस. तो म्हणाला, “कैसा जाता मॅडम? मोहरम था. हमारे में वो दस दिन नवा काम कुच नै करते. अब्बा बोले, रुक जा. उनो भी बोले, रुको, कुच नै होता.”

“त्याला ठाऊक होतं हे?”

“मालूम था ना. पहले दिन चाय पिलाके पूछे थे. तुमारे में मोहरम के दिनां में क्या पालते बोलके. मेरे को लगा, भला आदमी है, हमारा खयाल रखता.”

मी तक्त्यात चौथा रकाना काढला: मुदतीत का गेला नाहीत? व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “धनुर्मास होता की मॅडम. आमच्यात शून्य मास म्हणतेत त्याला, घर घेत न्हाईत. आई म्हणाली, संक्रांत होऊ दे.”

तिघांच्या तीन पंचांगांतली तीन टोके, आणि प्रत्येकाची मुदत बरोबर त्याच्या-त्याच्या वर्ज्य दिवसांत संपत होती. चहा पाजून आधी विचारायचे की, तुमच्यात कधी चालत नाही. मग तिथपर्यंतचे दिवस मोजून मुदत लिहायची. त्याआधी कागद अडवून धरायचे. तो दिवस आला की, सगळे तयार आहे म्हणून फोन करायचा. देवाधर्माला मानणारा माणूस थांबणारच, आणि तो थांबला की इसार खिशात. घर विकायचे त्याच्या मनात कधी नव्हतेच.

पण हे मला समजले होते, कोर्टाला दाखवायचे बाकी होते. मी पुन्हा टायपिंगवाल्याकडे गेले. हे लोक गिऱ्हाइकाने हाताने लिहून आणलेला कच्चा मसुदा टाकून देत नाहीत. नंतर कोणी ‘तू चुकीचं टाइप केलंस’ म्हणून भांडायला आले तर दाखवायला लागतो. म्हणून तो तारेत ओवून ठेवतात. त्याच्या लाकडी पेटीत अशा चार तारा होत्या. मी आणि हवालदार दोन पंचांना बसवून ते कागद एकेक करून सोडवत होतो. दुपारी दोनचे ऊन, सोलापूरचे. बाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि तिथेच बसून राहिली. मी तिला कागदांना हात लावू दिला नाही. तिने लावलाही नाही.

तिन्ही मसुदे सापडले. घरमालकाच्या अक्षरात. बाईच्या मसुद्यात ‘सहा महिने’ खोडून ‘पाच महिने सतरा दिवस’ केले होते आणि समासात बारीक लिहिले होते, ‘पक्ष’. टेम्पोवाल्याच्या समासात ‘मोहरम ६’. व्यापाऱ्याच्या समासात नुसते ‘धनु’. जिथल्या तिथे पंचनामा केला.

टायपिंगवाला म्हणाला, “मी टाइप करताना समासातलं बघत नाही हो मॅडम.”

बाई म्हणाली, “आता बघत जा.”

गुन्हा दाखल करायच्या आदल्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. दिवाणी प्रकरण कशाला अंगावर घेता, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणाले, साहेब, तसा लेखी आदेश द्या, मी फाइलला लावते. लेखी काही आले नाही. मग पेठेतल्या एका वजनदार गृहस्थाने फोन केला.

“मॅडम, तो आपला माणूस आहे.”

“बरं झालं तुम्ही सांगितलंत. तुमचं पूर्ण नाव सांगा. स्टेशन डायरीला नोंद घेते, अमुक अमुक यांनी फोन करून आरोपी आपला माणूस असल्याचं कळवलं.”

फोन बंद झाला. पुन्हा आला नाही. मी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. तेव्हा ते कलम चारशे वीस होते.

घरमालकाला चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस दिली. तो इस्त्रीचे कपडे घालून आला, वकिलासह. बोलण्यात अतिशय सभ्य. वकील बाहेर बसले. माझ्या हातात दहा प्रश्नांची यादी होती. पहिले सात साधे होते. घर कधीचे, किती वेळा विकायला काढले, उतारा कधी काढला. सातव्यापर्यंत त्याला वाटले असावे की, ही बाई नुसती कागद भरते आहे.

आठवा प्रश्न विचारला. “मुदतीच्या दिवशी तुम्ही खरेदीखत करून द्यायला खरंच गेला होता?”

“प्रतिज्ञापत्र आहे की मॅडम. अकरा ते पाच बसलो होतो.”

“पितृपंधरवडा होता तो. तुमच्यात चालतं?”

तो हसला. “विकणाऱ्याला कसला आलाय पंधरवडा? घेणाऱ्यानं बघायचं असतंय ते.”

“म्हणजे घेणारी पंधरवड्यात येणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं.”

मी जबाब लिहिणाऱ्याकडे पाहिले. तो दोन्ही वाक्ये लिहून घेत होता.

“मला कसं माहीत असणार?”

“आत्ताच सांगितलंत.” मी नववा प्रश्न घेतला. मसुद्यांच्या छायाप्रती त्याच्यासमोर ठेवल्या. “हे अक्षर कोणाचं? आणि ‘पक्ष’ म्हणजे काय?”

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवले. मग वकिलांना बोलवा म्हणाला. दहावा प्रश्न मी विचारलाच नाही. तो पेढ्यांबद्दल होता.

दोन दिवसांनी त्याचा मेव्हणा ठाण्याच्या आवारात आला. बाई आणि तिचा नवरा पुरवणी जबाबासाठी आलेले होते. मी खिडकीशी उभी होते. मेव्हणा बाईला म्हणाला, “ताई, कशाला वाढवता? तुमचे चार लाख उद्या रोख देतो. फक्त गैरसमज झाला होता, एवढं लिहून द्या.”

नवरा पटकन म्हणाला, “घे की गं. आपलं मिळतंय न्हवं.”

त्या माणसाची उचल, त्याचा माग, पलीकडची मजुरी, सगळे त्या एका वाक्यात होते. मी त्याला दोष देत नाही. मी खिडकीपासून हलले नाही, काही बोललेही नाही. पैसे तिचे होते आणि निर्णयही तिचा. तिने लिहून दिले असते तर माझ्या फाइलचे काय होईल, ते मला चांगले ठाऊक होते.

बाईने मेव्हण्याला विचारले, “टेम्पोवाल्या भावाचं काय?”

“त्याचं त्याला बघू द्या.”

“आन त्या दुकानदाराचं?”

“तुम्हाला काय करायचंय त्यांचं? तुमच्या ना जातीचे, ना गावचे.”

“तुज्या दाजीनं आमची जात बरोबर बगितली की. मला पंधरवडा, त्याला मोहरम. त्यानं तिगांना एका तारेत ओवलं, आता तू सुटं करायला आलास व्हय?”

नवरा पुन्हा काही बोलायला गेला. ती त्याच्याकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलली. मला तेलुगू येत नाही. पण नवरा खाली मान घालून हसला आणि त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. मेव्हण्याला तिने शेवटचे सांगितले, “तिगांचं एकदम आण. कोर्टात आण. रोख नको, आमाला कागद पायजे.”

तसेच झाले. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत मसुदे वाचून दाखवल्यावर घरमालकाच्या वकिलांनी तिघांची रक्कम न्यायालयात भरण्याची तयारी दाखवली. भरली. पुढे तिघांनी रीतसर अर्ज करून ती काढून घेतली. फसवणुकीचा खटला मात्र अजून चालू आहे. निवृत्तीनंतरही मी एकदा साक्षीला जाऊन आले आणि पुन्हा बोलावले तर पुन्हा जाईन. त्या माणसाला वाटत असेल की, आम्ही सगळे थकू. त्याचा हिशेब यावेळीही थांबणाऱ्या माणसांवरच आहे.

बाईच्या नवऱ्याने आधी उचल फेडली आणि तो दुसऱ्याच आठवड्यात पलीकडच्या शेडमध्ये गेला. घर अजून घेतलेले नाही. मी विचारले तर बाई म्हणाली, “घेणार की मॅडम. घाई हाय ती इकणाऱ्याला असू द्या.”

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते थोडक्यात लिहिते. गुन्हेगार नेहमी माणसाच्या लोभावर जगतो असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. ते अर्धेच खरे आहे. हा माणूस लोकांच्या सरळपणावर जगला. आईने थांब म्हटले म्हणून थांबणारा, वडिलांचा शब्द मानणारा, अशा लोकांना त्याने गिऱ्हाईक केले. आणि त्याच्या धंद्यात सर्वांत उपयोगी वस्तू कोणती होती? आमचे समजपत्र. तो लबाडी करायचा आणि त्यानंतर दार आम्ही लावायचो, सही-शिक्क्यानिशी. दिवाणी हा शब्द कायद्यात आहे आणि त्याची जागाही आहे. पण पाच मिनिटांत तो शब्द वापरणारा अधिकारी बहुतेक वेळा कायदा बघत नसतो, तो घड्याळ बघत असतो. मी तेच करत होते.

ठाण्यातली उरलेली वर्षे मी एक नियम पाळला. इसाराचा अर्ज आला की, आधी त्याच मिळकतीचे मागचे व्यवहार तपासायचे, मुदत कोणी सुचवली ते विचारायचे आणि मगच काय ते ठरवायचे. माझ्या हाताखालच्यांना तो आवडला नाही, काम वाढायचे. वाढू दे म्हटले.

आता ओळखीपाळखीचे लोक असे कागद घेऊन घरी येतात. म्हणतात, ठाण्यात गेलो होतो, दिवाणी आहे म्हणून परत पाठवले. मी चहा देते, कागद वाचते आणि प्रत्येकाला एकच सांगते. परत जा. नवीन अर्ज लिहा, तारखा क्रमाने घाला, पाने मोजून द्या. आणि पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.